आधी अठ्ठ्याण्णव, मग एक्सपी

विंडोज ९८ आधी टाकायची, एक्सपी नंतर. नगरला, म्हणजे आताच्या अहिल्यानगरला, असेंब्लिंगच्या दुकानात शिकाऊ म्हणून लागलो तेव्हा पहिला नियम हाच कानावर पडला. कारण सांगायला तिथे कोणाला वेळ नव्हता, ते पुढे काम करता करता कळलं. ९८ चं सेटअप डिस्कच्या सुरुवातीला स्वतःचं लिहून मोकळं व्हायचं. आधी तिथे दुसरं काही आहे का, ही चौकशीच नाही. एक्सपी समजूतदार. ती जुनं बूट सेक्टर ‘बूटसेक्ट डॉट डॉस’ नावाच्या फाइलमध्ये जपायची आणि ‘बूट डॉट आयएनआय’मध्ये ९८ च्या नावाची ओळ लिहायची. मशीन चालू केलं की काळ्या पडद्यावर दोन नावं आणि ३० सेकंदांची उलटी मोजणी. क्रम चुकवणाऱ्याला मात्र एक्सपीची सीडी घालून, ‘आर’ दाबून, रिकव्हरी कन्सोलमध्ये ‘फिक्सबूट’ करत बसावं लागे.

एक्सपी बाजारात आली ऑक्टोबर २००१ मध्ये. त्याच वर्षी एमकेसीएल स्थापन झालं आणि पाठोपाठ एमएस-सीआयटी या कॉम्प्युटर कोर्सचे क्लास तालुक्यातालुक्यात निघाले. दुकानात येणारे वडील सांगायचे, ‘पोराला कोर्ससाठी पाहिजे, नवी विंडोज टाका.’ पोरगा मागे उभा राहून हळूच म्हणायचा, ‘जुनीपण राहू द्या ना.’ जुनी कशाला, हे वडिलांना सांगायचं नसे. आम्हाला ठाऊक असायचं: प्रिन्स, डेव्ह, वुल्फ, हे डॉसवरचे गेम.

मोठ्यांकडेही जुनी ठेवायला एक सभ्य कारण होतं. लग्नपत्रिका आणि हँडबिलं छापणाऱ्यांचं मराठी काम तेव्हा युनिकोडमध्ये नव्हतंच. प्रत्येक सॉफ्टवेअरचा फॉन्ट वेगळा, कीबोर्ड वेगळा, आणि मागे पॅरलल पोर्टला डोंगल. ९८ वर बसलेली घडी लग्नसराईच्या तोंडावर कोण मोडणार? प्रेसवाले स्वतःहून म्हणत, ९८ राहू दे, एक्सपी शेजारी टाक. डबल बूट, म्हणजे एका मशीनवर दोन विंडोज, आमच्या भागात रुजलं ते निम्मं पत्रिकांमुळे, असं माझं मत आहे. गेमांनी त्या आडून आपला कार्यभाग साधला.

आता गेमचं दुखणं काय होतं ते सांगतो. डॉसवरचा गेम मशीनशी थेट बोलायचा. साउंड ब्लास्टर कार्ड कुठे आहे, हे आपणच त्याला सांगायचं: पोर्ट २२०, आयआरक्यू ५, डीएमए १. हे तीन आकडे आम्हाला पाढ्यासारखे पाठ होते. मेमरी पहिल्या ६४० केबीत मावली पाहिजे, म्हणून ‘कॉन्फिग डॉट सिस’मधून एकेक ड्रायव्हर उपटून काढायचा. विंडोज ९५ आणि ९८ यांच्या पोटात डॉसच होता. ‘रिस्टार्ट इन एमएस-डॉस मोड’ केलं की गेमला सगळं मशीन मोकळं. एक्सपीचं घराणं वेगळं, १९९३ च्या एनटीचं. तिथे कोणत्याही प्रोग्रॅमला हार्डवेअरला हात लावू देत नाहीत. गेम लावला तर डॉसचं नाटक उभं केलं जाई. चित्र यायचं, आवाज तुटक यायचा किंवा यायचाच नाही. कितीएक गेम तर सुरूच व्हायचे नाहीत. डेव्हला फार फरक पडत नसे, कारण त्याचा आवाज मुळातच कॅबिनेटमधल्या बारक्या स्पीकरचा.

दोघींना एका डिस्कवर जागा वाटून द्यायला मी गावाकडून शिकलो. माझं गाव हिवरे बाजार, नगरपासून सोळा-सतरा किलोमीटरवर. गावावर लेख निघाले, पाहुणे बसभरून येतात, चर आणि बंधारे बघतात, गावाच्या पाण्यासाठी झटलेल्या पोपटराव पवारांना भेटतात. गावातल्या पोरांनी कॉम्प्युटरवर काय उद्योग केले, हे मात्र कोणी विचारत नाही. आमच्याकडे पाण्याचा ताळेबंद मांडतात. पाऊस किती झाला, पाणी किती आहे ते बघायचं, माणसांचं आणि जनावरांचं पिण्याचं आधी बाजूला काढायचं, उरलेल्यावर पीक ठरवायचं. ऊस नाही, शेतीला बोअर नाही. ४० जीबीची डिस्क कापताना मी तेच करायचो. सी ड्राइव्ह ५ जीबी, एफएटी३२, ९८ साठी. हा आधी बाजूला, कारण एक्सपीच्याही सुरुवातीच्या फाइली तिथेच बसतात. डी ड्राइव्ह १० जीबी, एनटीएफएस, एक्सपीला. राहिलेला ई पुन्हा एफएटी३२, कारण ९८ ला एनटीएफएस दिसतच नाही. गाणी आणि गेम ई मध्ये, म्हणजे दोघींना दिसतील. दुकानातले काही जण सगळंच एनटीएफएस करून टाकत. त्यांची गिऱ्हाइकं आठवड्यात परत येत.

वीज हा वेगळा अध्याय. त्या काळातलं ग्रामीण भारनियमन ज्यांनी भोगलंय त्यांना सांगायला नको. गेम रंगात आला की लाइट जायची, आणि परत आली की ९८ निळा पडदा दाखवून आपल्यालाच दटावायची की विंडोज नीट बंद केली नव्हती. मग स्कॅनडिस्क, मिनिटामिनिटाने सरकणारं. एनटीएफएस आपली नोंदवही स्वतः ठेवते, म्हणून एक्सपीची बाजू अशा वेळी लवकर सावरायची. गावाकडे खरं तर एक्सपीच शहाणी होती. पण शहाणपणासाठी कोण खेळतं?

प्रिन्स ऑफ पर्शिया जॉर्डन मेकनरने १९८९ मध्ये अ‍ॅपल टूवर काढला, पीसीवर तो १९९० मध्ये आला. राजकन्येला सोडवायला ६० मिनिटं, बारा लेव्हल. ‘प्रिन्स मेगाहिट’ असं टाइप करून गेम सुरू केला की शिफ्ट-एल दाबून पुढच्या लेव्हलला उडी. हे गुपित कुठल्या मासिकात आम्ही वाचलं नव्हतं. ते फ्लॉपीबरोबर तोंडीच आलं. डेव्ह जॉन रोमेरोचा. पुढे डूम करणाऱ्यांपैकी तो एक, हे कळायला मला वीसेक वर्षं लागली.

काही गेमांना ९८ देऊनही भागत नसे, कारण मशीनच फार वेगवान झालं होतं. प्रोसेसरच्या वेगावर चाल बांधलेला गेम नव्या मशीनवर डोळ्यांदेखत संपायचा. टर्बो पास्कलमध्ये लिहिलेले प्रोग्रॅम तर ‘रनटाइम एरर २००’ देऊन पडायचे: सुरुवातीला ते मशीनचा वेग मोजायचे, आणि साधारण २०० मेगाहर्ट्झच्या पुढे तो भागाकार ओतू जायचा. जुन्या ३८६ कॅबिनेटवर टर्बोचं बटण असे, ते वेग कमी करायलाच कामी यायचं. आमच्या वेळी बटण गेलेलं. ‘मोस्लो’ नावाचा छोटा प्रोग्रॅम मशीनला मुद्दाम रेंगाळायला लावायचा, त्याच्यावर भागवायचं.

डबल बूट करून देण्याचा आमचा धंदा बसला तो हळूहळू. २००२ मध्ये डॉसबॉक्स आला. त्याने डॉसचं आख्खं मशीन, साउंड ब्लास्टरसकट, एका खिडकीत उभं केलं. ११ जुलै २००६ ला मायक्रोसॉफ्टने ९८ चा पाठिंबा बंद केला. ६४ बिटच्या विंडोजमधून १६ बिटचे प्रोग्रॅम हद्दपार झाले, आणि यूईएफआयच्या नव्या मदरबोर्डांवर तर ९८ उभीच राहत नाही. मेकनरच्या हरवलेल्या मूळ फ्लॉप्या त्याच्या वडिलांना सापडल्या आणि २०१२ मध्ये त्याने प्रिन्सचा सोर्स कोड सगळ्यांसाठी खुला केला. २०१५ पासून इंटरनेट अर्काइव्हवर हजारो डॉस गेम ब्राउझरमध्येच चालतात.

पार्टिशन कापायला आता कोणी येत नाही. पुतण्याच्या लॅपटॉपवर मी डॉसबॉक्स टाकून दिला आहे. कंट्रोल-एफ११ दाबलं की वेग कमी, कंट्रोल-एफ१२ ने जास्त. तो एफ१२च दाबत राहतो, आणि प्रिन्सच्या पहिल्याच काट्यांत पडतो.