बर्फाची दरड

लोंढ्याच्या परिसरातील माणसास दरड म्हणजे काय हे समजावून सांगावे लागत नाही. कॅसल रॉकहून दूधसागराकडे उतरणारा लोहमार्ग दर पावसाळ्यात तिच्या धास्तीत असतो. २३ जुलै २०२१ रोजी याच घाटात दरड येऊन प्रवासी गाडीचे डबे रुळांवरून घसरले होते. माती पाण्याने जड होते, खालच्या कातळावरील तिची पकड सुटते आणि वरचा थर निसटतो. हिमालयात बर्फाचेही असेच होते. त्यास हिमस्खलन म्हणतात.

ही आपत्ती आपणांस परमुलखातील वाटते. परंतु ३ फेब्रुवारी २०१६ रोजी तिची झळ आपल्या शेजारी पोहोचली. त्या दिवशी सियाचेन हिमनदीवर, सुमारे १९,६०० फूट उंचीवरील चौकीवर बर्फाची प्रचंड भिंत कोसळली आणि दहा जवान गाडले गेले. त्यांत धारवाड जिल्ह्यातील बेटदूरचे लान्स नाईक हणमंतप्पा कोप्पद होते. सातारा जिल्ह्यातील मस्करवाडीचे सुनील सूर्यवंशीही होते. ज्या गावांनी कधी हिमवर्षाव पाहिला नाही, त्या गावांचे हे पुत्र. शोधपथकांनी श्वानांच्या साहाय्याने दगडासारखा कठीण बर्फ फोडला. सहा दिवसांनी, सुमारे ३० फूट खोलीवर, हणमंतप्पा जिवंत सापडले. सारा देश त्यांच्यासाठी प्रार्थना करीत होता. ११ फेब्रुवारीस दिल्लीच्या लष्करी रुग्णालयात त्यांची प्राणज्योत मालवली. उरलेल्या नऊ जणांपैकी कोणीही वाचले नव्हते.

सैनिक आणि हिमस्खलन यांचा संबंध जुना आहे. पहिल्या महायुद्धात आल्प्स पर्वतात ऑस्ट्रियन व इटालियन सैन्ये समोरासमोर ठाकली होती. मार्मोलाडा शिखराखालील ऑस्ट्रियन तळावरील अधिकाऱ्याने, ही जागा धोक्याची आहे, तळ हलवावा, असे वरिष्ठांस लिहून कळविले होते. विनंती मान्य झाली नाही. १३ डिसेंबर १९१६ रोजी डोंगरावरील बर्फ तळावर आला आणि सुमारे २७० सैनिक मृत्युमुखी पडले. त्यांना शत्रूच्या गोळीने मारले नव्हते. डोंगर ओळखणाऱ्याचे म्हणणे ऐकले न गेल्याने ते गेले.

पुढे १९३० नंतरच्या दशकात स्वित्झर्लंडमधील दावोस येथे या विषयाचा शास्त्रीय अभ्यास सुरू झाला. अभ्यासकांनी बर्फात उभा खड्डा खणून त्याच्या भिंती तपासल्या, तेव्हा हिवाळ्याचा सारा इतिहास त्यांत थरांनी नोंदलेला दिसला. प्रत्येक हिमवर्षाव, प्रत्येक वादळ, प्रत्येक उन्हाचा दिवस आपला थर ठेवून जातो. कडाक्याच्या थंडीत खालच्या बर्फाचे साखरेसारखे सुटे दाणे होतात. त्यांवर वाऱ्याने आणलेला नवा बर्फ घट्ट बसला, की वर भक्कम आणि खाली पोकळ अशी स्थिती होते. साधारण ३० ते ४५ अंशांच्या उतारावर मग एका माणसाचे वजनही पुरे होते. वरचा थर तडकून सबंध पत्र्यासारखा घसरतो. म्हणूनच दुर्गम डोंगरांत अपघात झाला, तर तो थर बहुधा त्या गिर्यारोहकाने किंवा त्याच्या सोबत्यानेच सोडविलेला असतो.

आपल्या देशात १९६९ साली मनाली येथे हिम व हिमस्खलन यांच्या अभ्यासासाठी संरक्षण खात्याची संस्था स्थापन झाली. मार्च १९७९ मध्ये लाहौल खोऱ्यात हिमस्खलनांनी दोनशेहून अधिक बळी घेतले, तेव्हा या अभ्यासाची निकड सर्वांस कळून चुकली. २०२० साली ही संस्था दुसऱ्या एका संरक्षण प्रयोगशाळेशी जोडली गेली. हिमस्खलनाचे इशारे देण्याचे तिचे काम पुढे चालू राहिले.

अर्थात प्रत्येक हिमस्खलन आधी सांगता येत नाही. सियाचेनवर कोसळली ती बर्फाची भिंत होती. अशी भिंत केव्हा ढासळेल हे थर पाहून ठरविता येत नाही. आणि एकदा गाडले गेल्यावर वेळ फार थोडा उरतो. पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत बाहेर काढलेल्यांपैकी बहुतेक जगतात. अर्धा तास उलटला, की आशा झपाट्याने मावळते. हणमंतप्पांचे सहा दिवस हा विलक्षण अपवाद होय. बाहेरून मदत येईपर्यंत बहुधा उशीर होतो. हाताशी फावडे असलेला सोबतीच खरा तारणहार ठरतो.

आज आपल्याकडील अनेक तरुण हौसेने हिवाळ्यातील हिमालय चढावयास जातात. त्यांच्या उत्साहाचे कौतुकच आहे. मात्र घाटात दरडीची पाहणी झाल्याखेरीज गाडी पुढे सोडीत नाहीत. तोच नियम त्यांनी बर्फासही लावावा. निघण्यापूर्वी इशारा वाचावा, गावच्या वाटाड्याचे म्हणणे ऐकावे, आणि तो ‘आज नको’ म्हणाला, तर मुकाट्याने मागे फिरावे. मार्मोलाडाच्या तळाला ती संधी मिळाली होती. वरिष्ठांनी ती घेऊ दिली नाही.