बाकीच्यांची टीम

गेल्या रविवारी सकाळी अकोल्याहून मोठ्या भावाचा फोन आला. पुढच्या महिन्यात समाजाची क्रिकेट स्पर्धा आहे, आणि पुण्यातल्या आयटीवाल्यांनी ट्रॉफीचा खर्च उचलायचा असं 'आपण' ठरवलं होतं. मी सहज विचारलं, टीममध्ये कोण कोण आहे? त्याने नावं सांगितली. आमच्या गल्लीतला सगळ्यात फास्ट बॉलर त्यात नव्हता.

"थो कसा चालन बे? आपल्यातला हाय काय थो?"

शाळेची दहा वर्षं आम्ही एकाच बॅटने खेळलो. बॅट त्याची होती.

असो. तर मंडळी, ही भानगड नवी नाही. मुंबईत १९०७ पासून युरोपियन, पारशी आणि हिंदू अशी तिरंगी स्पर्धा सुरू झाली. १९१२ मध्ये मुस्लिम संघ आला आणि ती चौरंगी झाली. १९३७ मध्ये पाचवा संघ आला. त्याचं नावच 'द रेस्ट', म्हणजे 'बाकीचे'! ख्रिश्चन, ज्यू वगैरे, जे वरच्या चार खोक्यांत बसत नाहीत ते.

आता एक गोष्ट मान्य करायला पाहिजे. क्रिकेट जबरदस्त होतं. आपल्या नागपूरच्या सी. के. नायडूंनी १९२६ मध्ये एमसीसीविरुद्ध १५३ धावा आणि ११ षटकार मारले, ते हिंदू संघाकडूनच. लोक तुडुंब गर्दी करायचे.

पण खोके केले की भांडण खोक्यांचं होतं. १९३७ मध्ये हिंदू संघ खेळलाच नाही. कारण काय? नव्या ब्रेबॉर्न स्टेडियममध्ये प्रेक्षकांच्या जागा कोणाला किती, यावरून वाद!

आणि खोक्याच्या आत तरी सगळे सारखे होते का? पळवणकर बाळू हे त्या काळचे सर्वोत्तम डावखुरे फिरकी गोलंदाज. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी शंभराहून जास्त बळी घेतले. जातीने चांभार. पुण्यात मैदानावर सगळे त्यांच्याच हातातला चेंडू झेलायचे, पण चहाच्या वेळी त्यांना पॅव्हेलियनच्या बाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात चहा. 'हिंदू' म्हणून संघात घेतलं, कप्तानपद मात्र कधीच दिलं नाही. १९२० मध्ये या अन्यायाविरुद्ध त्यांचे भाऊ विठ्ठल आणि शिवराम संघातून बाहेर पडले. शेवटी १९२३ मध्ये विठ्ठल कप्तान झाले आणि हिंदूंनी स्पर्धा जिंकली.

मला सगळ्यात जास्त आठवते ती १९४३ ची फायनल. सांगलीचे विजय हजारे, मराठी माणूस, पण ख्रिश्चन. म्हणून ते 'बाकीच्यां'त. समोर हिंदूंचा ५८१ चा डोंगर. फॉलोऑननंतर बाकीच्यांनी ३८७ केल्या, त्यात एकट्या हजारेंच्या ३०९! तरी डावाने हरले. गांधीजींनी १९४० मध्येच असल्या स्पर्धांना विरोध केला होता. १९४६ मध्ये ती कायमची बंद पडली.

हे सगळं मी भावाला ऐकवलं. तो म्हणाला, "मंग बाबा ज्या वसतिगृहात शिकले, थे काय होतं?"

इथे मी गप्प झालो. बाबा अमरावतीला समाजाच्या वसतिगृहात राहून शिकले. तेव्हा आमच्या जातीच्या पोराला चांगल्या वस्तीत खोली मिळत नव्हती. ते वसतिगृह नसतं तर मी आज कोड लिहीत बसलो नसतो, शेतात असतो.

दोन दिवस डोक्यात तेच चाललं होतं. मग फरक जाणवला. वसतिगृह अशासाठी होतं की बाहेरचं दार बंद होतं, आणि तिथून निघून पोरगा सगळ्यांच्याच कॉलेजात जायचा. अमरावतीतच पंजाबराव देशमुखांनी सर्व जातींच्या मुलांसाठी श्रद्धानंद छात्रालय काढलं. १९२७ मध्ये अंबादेवीचं देऊळ सगळ्यांना खुलं व्हावं म्हणूनही ते उभे राहिले. म्हणजे दार उघडायचं कसं, हे आपल्या वऱ्हाडाला माहीत होतं. पण अकोल्याच्या मैदानाचं दार आज कोणी बंद केलंय? आपणच. अकोल्याचा अथर्व तायडे आणि अमरावतीचा जितेश शर्मा विदर्भाकडून खेळले, ते कोणत्या समाजाच्या टीममधून आले असं आपण विचारतो का?

मी भावाला परत फोन केला. म्हटलं, वसतिगृहाला दरवर्षी पैसे देतो. ट्रॉफीही देतो, पण टीम गल्लीनुसार पाडा.

"मंग समाजाची स्पर्धा कायची राह्यली?" असं म्हणून त्याने फोन ठेवला. अजून रागातच आहे. वर्षातून एकदा सगळे भेटतात, लग्नं जमतात, हे त्याचं म्हणणं खोटं नाही. त्यासाठी जेवण ठेवा ना, मी वाढायला येतो.

वसतिगृहाचा चेक काल पाठवला. मग त्या बॉलरला फोन लावला. बॅट अजून आहे म्हणाला.