प्रोबायोटिक व प्रीबायोटिक : पचनविकारांतील उपयोग

पुरेशा मात्रेत दिले असता घेणाऱ्याच्या आरोग्याला लाभ करून देणारे जिवंत सूक्ष्मजीव म्हणजे प्रोबायोटिक. ही व्याख्या जागतिक आरोग्य संघटना आणि अन्न व कृषी संघटना यांच्या तज्ज्ञांनी २००१ साली अर्जेंटिनातील कॉर्दोबा येथे ठरवली आणि शब्दांच्या किरकोळ फेरफारानिशी ती आजही मान्य आहे. प्रीबायोटिक सजीव नसते. माणसाच्या विकरांना न पचणारा, पण आतड्यातील ठरावीक सूक्ष्मजीवांचे खाद्य होऊन त्यांच्यामार्फत शरीराला फायदा देणारा पदार्थ, अशी त्याची ओळख; ही कल्पना ग्लेन गिब्सन व मार्सेल रोबरफ्रॉइड यांनी १९९५ मध्ये मांडली. दोन्ही मिळून दिल्यास त्याला सिनबायोटिक म्हणतात. प्रोबायोटिकच्या व्याख्येत तीन अटी आहेत : जीव जिवंत हवा, मात्रा पुरेशी हवी आणि लाभ दाखवून दिलेला हवा. बाजारातल्या बहुतेक पुड्या आणि कॅप्सूल पहिल्या दोन अटींविषयी बोलतात व तिसरी गृहीत धरतात. 'प्रोबायोटिक पोटाला चांगले का?' हा प्रश्न 'गोळी आजाराला चांगली का?' असे विचारण्यासारखा आहे. कोणता वाण, किती मात्रेत, कोणत्या आजारात, हे ठरवल्याशिवाय त्याला उत्तर नाही. आणि ठरवून विचारले, की उत्तर पुष्कळदा 'नाही' आणि मोजक्या ठिकाणी 'हो' असे येते.

या विषयाचे जनकत्व पॅरिसच्या पाश्चर संस्थेतील एली मेचनिकॉफ यांना दिले जाते. मोठ्या आतड्यातील कुजण्याच्या क्रियेमुळे अकाली वार्धक्य येते आणि आंबवलेल्या दुधातील जंतू तिला आळा घालतात, असे त्यांनी १९०७ च्या सुमारास मांडले. १९०८ चे नोबेल त्यांना मिळाले ते रोगप्रतिकारशक्तीवरील कामासाठी, दह्यासाठी नव्हे. उपचाराच्या अंगाने पाहता त्यांच्यापेक्षा आल्फ्रेड निस्ले यांची कामगिरी अधिक बोलकी आहे. पहिल्या महायुद्धात आतड्याच्या संसर्गाने पलटणी आजारी पडत असताना एक सैनिक धडधाकट राहिला. त्याच्या मलातून निस्ले यांनी १९१७ मध्ये ई. कोलायचा एक निरुपद्रवी वाण वेगळा केला. तोच वाण आजही अल्सरेटिव्ह कोलायटिस आटोक्यात आल्यावर तो पुन्हा उसळू नये म्हणून वापरला जातो, आणि या एका कामात तो मेसालाझिन या नेहमीच्या औषधाच्या तोडीचा ठरला आहे. ई. कोलायचे दुसरे काही वाण रक्ती जुलाबाने माणूस दगावण्यास कारणीभूत होतात. एकाच जातीतले दोन वाण इतके वेगळे असू शकतात. मग वाणाचा उल्लेखच नसलेल्या वेष्टनावर विश्वास कशाच्या आधारे ठेवायचा?

मात्रेचे गणितही नम्र करणारे आहे. प्रौढ माणसाच्या शरीरात सुमारे ३८ लाख कोटी जिवाणू असतात आणि त्यांतले बहुतांश मोठ्या आतड्यात. कॅप्सूलमधील १,००० कोटी हा आकडा दुकानात भारी वाटतो, पण आतल्या वस्तीच्या तुलनेत तो साडेतीन-चार हजारांत एक इतकाच आहे. शिवाय बहुतेक पाहुणे जंतू तेथे मुक्काम करत नाहीत. देणे थांबवले की काही दिवसांत ते मलातून दिसेनासे होतात. म्हणून 'चांगल्या जंतूंची भर घालून तोल सावरणे' हे जाहिरातीतले वर्णन फारसे खरे नाही. जेथे परिणाम दिसतो, तेथे तो जाता जाता केलेल्या कामाचा असतो : आम्ल तयार करणे, रोगजंतूंना आतड्याच्या भिंतीला चिकटू न देणे, तेथील प्रतिकारपेशींना डिवचणे.

पुरावा कसा पालटतो हे मुलांच्या तीव्र जुलाबांत सर्वांत स्पष्ट दिसते. २०१० साली वैद्यकीय चाचण्यांचे एकत्रित आढावे घेणाऱ्या कॉक्रेन समूहाने ६३ अभ्यास एकत्र करून प्रोबायोटिकमुळे जुलाबाचा काळ सुमारे एका दिवसाने घटतो असा निष्कर्ष काढला. त्यानंतर २०१८ मध्ये अमेरिकेत ९७१ आणि कॅनडात ८८६ मुलांवरील दोन चाचण्यांचे निकाल एकाच वेळी प्रसिद्ध झाले. अमेरिकेतील चाचणीत लॅक्टोबॅसिलस र्‍हॅम्नोसस जीजी हा सर्वाधिक अभ्यासलेला वाण होता; मध्यम ते तीव्र आजाराचे प्रमाण तो घेणाऱ्यांत ११.८ टक्के आणि प्लॅसिबो घेणाऱ्यांत १२.६ टक्के निघाले, म्हणजे फरक नाहीच. कॅनडातल्या जोडमिश्रणाचेही तेच झाले. २०२० मध्ये कॉक्रेनने ८२ अभ्यासांचा पुन्हा आढावा घेतला आणि पद्धतीत दोष असलेले अभ्यास बाजूला काढताच दिवसभराचा तो लाभ जवळजवळ विरून गेला. येथे एक अडचणीचा आक्षेप घेता येतो : प्रत्येक अपयशावर 'वाण चुकला' असे म्हणायची सोय असेल, तर वाणनिहाय विचार ही पळवाटच नाही का? पळवाट ठरली असती, पण अमेरिकेतल्या चाचणीत फसलेला वाण निवडून आणलेला होता, आडवाटेचा नव्हता. वाण नेमका सांगितला म्हणूनच त्याचा दावा खोटा ठरवता आला. मोघम दावा मात्र कधीच हरत नाही.

दुसरा आक्षेप भारतीय वाचकाच्या मनात आधी येईल. अमेरिकेतली सुदृढ मुले आणि आपल्या वस्त्यांतली कुपोषित, वारंवार आजारी पडणारी मुले यांना एकच माप कसे लावायचे? हा आक्षेप निम्मा मान्य करावा लागतो. कोलकात्याच्या झोपडपट्टीत १ ते ५ वर्षे वयाच्या ३,७५८ मुलांना १२ आठवडे रोज शिरोता या प्रोबायोटिक वाणाचे पेय किंवा जंतुविरहित पेय दिले गेले. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात जुलाब १४ टक्क्यांनी कमी दिसले. हा लाभ खरा असला तरी लहान आहे, आणि त्यासाठी रोजचे पेय लागते. ओडिशाच्या खेड्यांतला प्रयोग अधिक भरीव होता. तेथे ४,५५६ नवजात बालकांपैकी निम्म्यांना आठवडाभर लॅक्टोबॅसिलस प्लँटारमचा एक वाण आणि फ्रुक्टोऑलिगोसॅकराइड ही शर्करा एकत्र देण्यात आली; जंतुदोष किंवा मृत्यू यांचे प्रमाण ९ टक्क्यांवरून ५.४ टक्क्यांवर आले (२०१७). ही पचनाच्या आजाराची चाचणी नव्हे, पण तिच्यामागची पद्धत पाहण्यासारखी आहे : संशोधकांनी अनेक वाण चाळून, नवजाताच्या आतड्यात टिकणारा वाण हेरला आणि मगच तो गावात नेला. औषधाच्या दुकानात जुलाबासाठी सरसकट हाती ठेवल्या जाणाऱ्या पुडीमागे असे काही असतेच असे नाही. ती पुडी घरी आली म्हणून जलसंजीवनी आणि १० ते १४ दिवसांचे झिंक मागे पडले, तर नुकसान मुलाचे होते.

'हो' म्हणता येईल अशा जागा थोड्या आहेत. प्रतिजैविकांमुळे आतड्यातली मूळ वस्ती विरळ झाली की क्लॉस्ट्रिडिओइडिस डिफिसाइल हा जंतू माजतो व रुग्णालयातल्या वृद्धांना गंभीर जुलाब होतात. ते टाळण्यासाठी प्रतिजैविकांसोबतच काही वाण दिल्यास, धोका मुळात जास्त असलेल्या रुग्णांत, फायदा दिसतो. धोका कमी असेल तेथे तो दिसत नाही. ब्रिटनमध्ये सुमारे ३,००० वृद्धांवर झालेल्या २०१३ च्या चाचणीत मात्र काहीच हाती लागले नाही. या कामासाठी सॅकरोमायसीस बूलार्डी हे यीस्ट सोयीचे, कारण जिवाणूंवरची औषधे यीस्टला मारत नाहीत. दुसरी जागा पाउचायटिसची. मोठे आतडे काढून लहान आतड्याची पिशवी बनवलेल्या रुग्णांत ती पिशवी सुजते. इटलीतील २००० सालच्या चाचणीत आठ वाणांचे मिश्रण घेणाऱ्या २० पैकी तिघांचा आजार ९ महिन्यांत उलटला, तर प्लॅसिबो घेणाऱ्या विसांचाही उलटला. संख्या लहान आहे, पण फरक डोळ्यांत भरणारा आहे. पुढे मिश्रणाचे संशोधक आणि विक्रेते वेगळे झाले, मूळ मिश्रण दुसऱ्या नावाने विकले जाऊ लागले आणि जुन्या नावाच्या डबीत वेगळे मिश्रण आले. जुना पुरावा कोणत्या डबीचा, हा वाद अमेरिकेच्या न्यायालयापर्यंत गेला. क्रोन्स आजार आणि आयबीएस (आतड्याचा क्षोभविकार) यांसाठी अमेरिकन गॅस्ट्रोएंटरॉलॉजी संघटनेने २०२० मध्ये प्रोबायोटिक चाचण्यांपुरतेच ठेवावे असे सुचवले.

'फायदा नसला तरी तोटा काय?' हा युक्तिवाद सर्वाधिक ऐकू येतो आणि तोच सर्वांत कच्चा आहे. नेदरलँड्समध्ये स्वादुपिंडाच्या तीव्र सुजेच्या रुग्णांना नळीतून सहा वाणांचे मिश्रण दिले गेले. जंतुदोष कमी होईल ही अपेक्षा होती. २००८ मध्ये निकाल आला : मिश्रण घेणाऱ्यांत १६ टक्के मृत्यू, न घेणाऱ्यांत ६ टक्के, आणि मिश्रण घेणाऱ्या ९ जणांच्या आतड्याचा रक्तपुरवठा तुटला. अतिदक्षता विभागात खाटेजवळ यीस्टची पुडी फोडली की भुकटी हवेत उडते, हाताला लागते आणि मानेतल्या मोठ्या शिरेतील नळीवाटे रक्तात पोहोचू शकते. म्हणून युरोपातील नियामकांनी अत्यवस्थ रुग्णांत ते वर्ज्य ठरवले. धडधाकट माणसालाही एक किंमत मोजावी लागू शकते : २०१८ च्या इस्रायली अभ्यासात प्रतिजैविकांनंतर प्रोबायोटिक घेणाऱ्यांची स्वतःची जंतुवस्ती पूर्ववत व्हायला न घेणाऱ्यांपेक्षा जास्त वेळ लागला.

प्रीबायोटिकचा तर्क अधिक पटणारा आहे, कारण त्यात परक्याला आत बसवायचे नसते. आहेत त्यांना पोसायचे असते. कांदा, लसूण, गहू, कडधान्ये यांतले न पचणारे कर्बोदक आंबले की ब्युटिरेटसारखी आम्ले बनतात आणि मोठ्या आतड्याच्या पेशी त्यांवर जगतात. वेल्लोरच्या चाचणीत (२०००) पटकीच्या रुग्णांना जलसंजीवनीतून न पचणारा मक्याचा स्टार्च दिला, तेव्हा मलावाटे जाणारे पाणी घटले, कारण आम्ले शोषली जाताना सोडियम व पाणीही सोबत ओढले जाते. लॅक्ट्युलोज तर बद्धकोष्ठात आणि यकृत निकामी झाल्याने येणाऱ्या गुंगीत रोजच्या वापरात आहे. पण आंबण्यात वायूही होतो. आयबीएसच्या रुग्णाला ऑस्ट्रेलियातल्या मोनॅश विद्यापीठाचा जो आहार सांगतात, त्यात वगळायच्या यादीत पहिल्या रांगेत कांदा, लसूण आणि गहूच असतात.

राहिले दही-ताक. विरजणात कोणते वाण आहेत हे घरोघर वेगळे, म्हणून काटेकोर अर्थाने ते प्रोबायोटिक ठरत नाही. एक लाभ मात्र पक्का आहे : दही लावणाऱ्या जिवंत जंतूंचे लॅक्टेज हे विकर लहान आतड्यात दुधातली साखर फोडायला मदत करते, म्हणून दूध न सोसणाऱ्या अनेकांना दही सोसते. दह्याविषयीचा हा दावा युरोपीय अन्नसुरक्षा संस्थेने २०१० मध्ये मान्य केला. त्याच काळात प्रोबायोटिकांचे इतर बहुतेक दावे तिने नाकारले. कढी उकळली की हा लाभ जातो, कारण उष्णतेने जंतू आणि विकर दोन्ही निकामी होतात.