प्रकाशाचा भोवरा

गेल्या उन्हाळ्यात गॅस स्टेशनवर पोलरॉइड गॉगल लावून उभा होतो. मान तिरकी केली आणि पंपाचा पडदा काळा पडला! "बाबा, असं का झालं?" मुलीने विचारले. पडद्यातला प्रकाश एकाच दिशेत कंप पावतो आणि गॉगल तो अडवतो, एवढे सांगून मी वेळ मारून नेली. पण घरी येऊन वाचत बसलो आणि शतकभराची एक गोष्ट हाती लागली.

प्रकाशाची ही कंपनदिशा चक्राकारही फिरू शकते. असा प्रकाश वस्तूला पीळ देईल, असे बर्मिंगहॅमच्या जॉन हेन्री पॉइंटिंग यांनी १९०९ साली मांडले. पण हा पीळ इतका सूक्ष्म, की तो मोजता येईल अशी त्यांना फारशी आशा नव्हती. १९१४ साली ते वारले.

१९३६ मध्ये प्रिन्स्टनला रिचर्ड बेथ यांनी क्वार्ट्झची चकती बारीक धाग्याला टांगली. झोपाळ्याला वेळेवर झोका द्यावा, तशी तिच्या हेलकाव्यांच्या लयीत प्रकाशाची फिरकी उलटसुलट केली. हेलकावे वाढले, पीळ मोजला गेला!

शाळेत आपण पृथ्वीचे परिवलन आणि परिभ्रमण शिकलो. प्रकाशालाही अशा दोन गती आहेत. कंपनदिशेची फिरकी ही पहिली. दुसरीत प्रकाशलहर गोल जिन्यासारखी अक्षाभोवती वळत पुढे जाते आणि मधोमध काळोख राहतो. हाच प्रकाशाचा भोवरा. त्यातही कोनीय संवेग असतो, हे लायडनमध्ये लेस अ‍ॅलन आणि सहकाऱ्यांनी १९९२ साली दाखवले. १९९५ मध्ये ब्रिस्बेनला अशा भोवऱ्यात धरलेले सूक्ष्म कण चक्क गरगर फिरले.

खरी गंमत शक्तिशाली भिंगाखाली होते. कडेचे किरण तीव्र कोनात वळतात, त्यामुळे कंपनाचा काही भाग शलाकेच्या दिशेतच येतो आणि दोन्ही गती एकमेकींत मिसळतात. एकेरी वळणाचा भोवरा आणि फिरकी एकाच दिशेने फिरत असतील, तर नाभीचा मध्य काळाच राहतो. त्या परस्परविरुद्ध असतील, तर तिथे उजेड उमटतो. भोवरा तोच, फक्त फिरकी उलटली!

परवा मुलीला पुन्हा बसवून हे सारे सांगितले. तिने एवढेच विचारले, "म्हणजे पॉइंटिंगना कधी कळलंच नाही?"

नाही, बाळा. बेथ यांची चकती हलली, तेव्हा ते जाऊन बावीस वर्षे झाली होती.