कोणते तळेगाव?

समजा, एका जुन्या मोडी कागदात एवढेच लिहिले आहे : 'मौजे तळेगाव'. शिरूर तालुक्यातील तळेगाव ढमढेरे येथील शाळेत हा कागद दाखवला, तर मुले लगेच म्हणतील, "हे आमचंच गाव!" मावळातल्या तळेगाव दाभाडे येथील मुलेही तेच म्हणतील. शिवाय संगमनेर तालुक्यात तळेगाव दिघे आहे, अमरावती जिल्ह्यात तळेगाव दशासर आहे. मग हा कागद कोणाचा?

आज असे कागद संगणकाकडून, म्हणजे कृत्रिम बुद्धिमत्तेकडून, वाचून घेण्याचे प्रयत्न चालू आहेत. ते समजून घेण्यासाठी आधी थोडे मागे जाऊ या.

रुमालांतला इतिहास

पुण्याच्या पुराभिलेखागाराला लोक अजूनही 'पेशवे दफ्तर' म्हणतात. तेथे कागद कापडात बांधून ठेवलेले आहेत. या गाठोड्यांना 'रुमाल' म्हणतात आणि त्यांची संख्या सुमारे ३९ हजार आहे. १८१८ मध्ये पेशवाई संपली आणि दफ्तर इंग्रजांच्या ताब्यात आले. त्यांना प्रश्न होता तो महसुलाचा : कोणती जमीन कोण, कोणत्या सनदेने, सारा न भरता खातो? १८५२ च्या कायद्याने इनाम कमिशनला ही चौकशी करण्याचे अधिकार मिळाले. कागदांचे मोल ठरले ते या कामावरून. इतिहासाच्या अभ्यासकाचे प्रश्न वेगळे होते.

वि. का. राजवाडे यांनी गावोगाव हिंडून घराघरांतले कागद मिळवले आणि १८९८ पासून 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' छापायला सुरुवात केली. १९१० मध्ये भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन झाले. सरकारी दफ्तर मात्र अभ्यासकांना बराच काळ बंदच होते. पुढे गो. स. सरदेसाई यांनी त्यातून निवडलेल्या कागदांचे ४५ खंड १९३० ते १९३४ या काळात प्रसिद्ध झाले. काम प्रचंड होते, तरी एकूण साठ्याच्या मानाने ही निवड लहानच.

एक साधे गणित करू. एक जाणकार रोज २० कागद वाचतो आणि वर्षात ३०० दिवस काम करतो असे धरू. वर्षाला ६,००० कागद झाले. एक कोटी कागदांना सुमारे १,६६७ वर्षे लागतील! यंत्राची गरज येथे कळते.

यंत्र कसे शिकते?

मोडीत आधी ओळभर शिरोरेघ ओढत आणि मग तिच्याखाली हात शक्यतो न उचलता लिहीत. शब्दांत अंतर नसते. ऱ्हस्व-दीर्घाचा भेद बहुधा नसतो. अशा लेखनाचे नियम यंत्राला सांगून भागत नाही, उदाहरणे द्यावी लागतात : इकडे कागदाचे चित्र, तिकडे जाणकाराने लावलेले देवनागरी वाचन. अशा हजारो जोड्यांवरून यंत्र वळणे ओळखू लागते. रुरकीच्या आय.आय.टी.च्या संशोधकांनी २०२५ मध्ये मांडलेल्या संचात मोडी कागदांची २,०४३ चित्रे त्यांच्या देवनागरी वाचनासह आहेत. म्हणजे यंत्रामागे पुन्हा मोडी जाणणारी माणसेच आहेत.

इटलीत तर शाळांतले विद्यार्थी या कामी आले. व्हॅटिकनच्या मध्ययुगीन नोंदवह्यांतील अक्षरे ओळखून यंत्रासाठी उदाहरणे तयार करण्याचे काम रोममधील संशोधकांनी त्यांच्याकडे दिले. यंत्राची शंभरापैकी ९६ अक्षरे बरोबर आली, असे २०१८ मध्ये सांगितले गेले. तरीही सुमारे एक तृतीयांश शब्दांत चूक राहत होती. असे का? पाच अक्षरी शब्द पूर्ण बरोबर येण्याची शक्यता ०.९६ चा पाचवा घात, म्हणजे सुमारे ०.८२. शब्द जितका लांब, तितकी ती कमी. वर्गात हे गणित जरूर करून पाहावे.

अक्षर लागले, पुढे काय?

अक्षरे लागली तरी अर्थ लागतोच असे नाही. 'सन तिसा सबैन मया व अलफ' हे वर्ष पाहा. अरबी संख्याशब्दांची ही बेरीज : ९ + ७० + १०० + १००० = ११७९. हा सुहूर सन. त्याचे वर्ष मृगाला सुरू होते. म्हणून डिसेंबरपर्यंत त्यात ५९९ मिळवायचे आणि जानेवारीपासून ६००. जानेवारी १७७९ मध्ये इंग्रजांची फौज तळेगावापर्यंत आली व वडगावला शरण गेली, ते हे वर्ष. तेथले तळेगाव अर्थातच दाभाड्यांचे.

येथेच धोका आहे. यंत्र शिकते ते वारंवार दिसणाऱ्या गोष्टींवरून. शिकवलेल्या कागदांत सेनापती दाभाड्यांचे तळेगाव जास्त वेळा आले असेल, तर वेळ नदीकाठच्या ढमढेऱ्यांच्या तळेगावचे कागदही ते तिकडेच जमा करील, आणि तेही जराही न अडखळता. जाणकार मात्र शेजारची गावे पाहतो. कागदात शिक्रापूर असेल तर एक तळेगाव, कार्ले असेल तर दुसरे.

ही चूक केवळ अभ्यासकांची डोकेदुखी नाही. २०२३ मध्ये राज्यात कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, तेव्हा जन्म-मृत्यूच्या जुन्या मोडी नोंदी वाचणाऱ्यांना एकदम मागणी आली. एका शब्दाच्या वाचनावर कोणाचा तरी दाखला अवलंबून होता. म्हणून यंत्राने कागद शोधून पुढे ठेवावा, वाचनाचा मसुदा करावा. पण मूळ चित्र शेजारी असावे आणि शेवटची सही माणसाची असावी.

शाळेत एक प्रयोग करता येईल. एखादे जुने हस्तलिखित पान दोन मुलांना वेगवेगळे वाचायला द्या आणि दोन्ही वाचने ताडून पाहा. जेथे फरक पडला, त्या जागांची यादी करा.  यादीत गावाचे नाव आले, तर शेजारची गावे कोणती, हे मुलांना नकाशावर शोधू द्या.