मुदत संपली, घर सोडलं नाही: हा गुन्हा का नाही?

मागच्या व्याख्यानानंतर प्रश्न आला होता: करार संपूनही भाडेकरू उठत नाही, तर पोलीस त्याला घुसखोर म्हणून का धरत नाहीत? घरमालकाचा हा संताप आपण समजू शकतो. पण १८६० ची दंडसंहिता उघडून बघू. कलम ४४१ म्हणतं, 'दुसऱ्याच्या ताब्यातली' मालमत्ता. मालकीची नव्हे, ताब्यातली! सगळी गंमत या एका शब्दात आहे. भाडेकरूचं घर ताब्यात कुणाच्या? त्याच्याच. शिवाय गुन्हा करण्याचा, धमकावण्याचा, अपमान करण्याचा किंवा त्रास देण्याचा हेतू सिद्ध करावा लागतो. नुसतं राहून जाणं पुरत नाही. म्हणून हा वाद दिवाणी.

मुंबईत तर १ फेब्रुवारी १९७३ रोजी चालू करारावर राहणाऱ्या लायसन्सधारकांना कायद्यानेच भाडेकरू केलं. मालक हबकले, घरं कुलपात राहू लागली. पुढे १९९९ च्या कायद्याने मुदतीनंतर राहणाऱ्या लायसन्सधारकावर दुप्पट भरपाई लावली. म्हणजे पैसे दुप्पट, पण तुरुंग नाहीच.

१ जुलै २०२४ पासून न्याय संहिता आली, कलमाचा आकडा ३२९ झाला. 'ताब्यातली' हा शब्द मात्र जागचा हलला नाही. उलट, भाडेकरू राहत असताना मालकानेच कुलूप तोडून त्याला धमकावलं, तर याच कलमाचा बडगा मालकावर येऊ शकतो.