ल्यूबेकची शाळा आणि तिचे विद्यार्थी

एखाद्या नगराचा इतिहास जाणावयाचा तर प्रथम तेथील राजवाडा पाहावा, असा संकेत आहे. उत्तर जर्मनींतील ल्यूबेक येथें मात्र ही वाट चालत नाहीं. सन १२२६ मध्यें सम्राट दुसरा फ्रेडरिक यानें त्यास स्वतंत्र नगराची सनद दिली, आणि पुढें ७११ वर्षें या नगराचा कारभार तेथील व्यापाऱ्यांनींच पाहिला.

त्यांचें वैभव उभें राहिलें तें मीठ आणि मासळी यांवर. जवळच्या ल्यूनेबुर्ग येथील मीठ ल्यूबेकच्या धक्क्यावर येई. तेथून तें बाल्टिक समुद्रापलीकडे, हेरिंग मासे खारविण्यासाठीं जाई. उपवासाच्या दिवशीं ख्रिस्ती लोकांस मांस वर्ज्य, मासे चालत. त्यामुळें या मालास युरोपभर गिऱ्हाईक होतें. हान्सा नामक व्यापारी नगरसंघाचें पुढारपण याच बळावर ल्यूबेककडे आलें.

सन १५३१ च्या सुमारास नगरानें ल्यूथरचा पंथ स्वीकारला. ल्यूथरचा सहकारी बुगेनहागेन यानें धर्मव्यवस्थेचे नवे नियम घालून दिले, आणि सेंट कॅथरिनच्या मठांत लॅटिन शाळा सुरू झाली. तीच काथारिनेउम. मठाच्या जुन्या वास्तूंत ती आजहि भरते.

या शाळेनें नगराला शिस्तीचे नागरिक दिले, हें खरें. परंतु तिचें नांव जगभर गेलें तें निराळ्याच विद्यार्थ्यांमुळें. धान्याच्या एका मोठ्या व्यापाऱ्याचा मुलगा टोमास मान हा वर्गांत वारंवार मागें राही. सन १८९४ मध्यें शेवटची परीक्षा न देतांच त्यानें शाळा सोडली. पुढें १९०१ सालीं प्रसिद्ध झालेल्या 'बुडेनब्रोक्स' या कादंबरींत त्यानें शाळेच्या एका दिवसाचें असें चित्र काढलें कीं, पंतोजींचा दरारा आणि मुलांची धास्ती वाचकास प्रत्यक्ष जाणवते. एरिख म्यूझाम याची गोष्ट अधिक कठोर आहे. समाजवादी वर्तमानपत्राकडे शाळेतील मजकूर धाडल्यावरून त्याला १८९६ मध्यें शाळेंतून काढून टाकण्यांत आलें. पुढें तो कवि व बंडखोर लेखक झाला. १९३४ मध्यें नाझींनीं ओरानियेनबुर्गच्या छळछावणींत त्याचा खून केला.

सन १९३१ मध्यें शाळेला चारशें वर्षें झालीं, तेव्हां उत्सवांत भाषण करण्यासाठीं आला तो टोमास मानच. दोन वर्षांपूर्वीं त्याला नोबेल पारितोषिक मिळालें होतें! आणखी दोन वर्षांनीं मात्र त्याला देशालाच मुकावें लागलें. १९३९ सालीं याच शाळेंतून उत्तम रीतीनें उत्तीर्ण झालेल्या हान्स ब्लूमेनबेर्ग याची आई यहुदी कुळांतील. म्हणून सरकारी विश्वविद्यालयाचीं दारें त्याला बंद झालीं. युद्धानंतर तोच एक मान्यवर तत्त्ववेत्ता म्हणून गाजला.

नगरानेंहि पुष्कळ सोसलें. १९३७ मध्यें हिटलरच्या राजवटींत त्याचें स्वातंत्र्य गेलें. १९४२ च्या मार्चमध्यें ब्रिटिश विमानांच्या हल्ल्यांत सेंट मेरीचें मंदिर जळालें. मनोऱ्यावरून कोसळलेल्या घंटा तेथें अजून तशाच, फुटलेल्या, ठेवलेल्या आहेत.

श्रोतेहो, नगरें घंटा जपून ठेवतात, शाळा नांवें जपून ठेवतात. काथारिनेउमच्या यादींतील हीं नांवें आपणांस एवढेंच विचारतात: आज जो विद्यार्थी आपल्या वर्गांत बसत नाहींसा वाटतो, त्याच्याशीं आपण कसे वागतों? शाळेची खरी परीक्षा, माझ्या मतें, तेथेंच होते.